पाचवीत माध्यम बदललं, फाईल मागेच राहिली : सत्तरीतल्या एका मुलाचं प्रकरण

मुलगा सत्तरी तालुक्यातला. त्याला साईश म्हणू. हा कुणी एक खरा मुलगा नव्हे. सत्तरी-डिचोलीच्या शाळांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका मुलात एकत्र केल्या आहेत. घरात कोकणी. पहिली ते चौथी गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत, मराठी माध्यम, चार वर्गांना दोन शिक्षक. पाचवीला वाळपईकडच्या अनुदानित हायस्कुलात नाव घातलं. तिथे भाषा सोडून सगळे विषय इंग्रजीतून. वडील कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रोजावर, काजूच्या हंगामात आईही कामाला. पहिल्या सत्राच्या निकालात इंग्रजी, गणित, विज्ञान तिन्हींत तो तळाला होता आणि मराठीत काठावर पास. प्रगतिपुस्तकावर शेरा : ‘इंग्रजीची सवय नाही. घरी अभ्यास घ्यावा.’

शेरा चुकीचा नव्हता. तो अर्ध्या वर्गाला लागू होता, आणि घोळ तिथेच झाला. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणीतून शिकवतात आणि बहुतेक हायस्कुलं पाचवीपासून इंग्रजीतून. त्यामुळे दर वर्षी पाचवीची अख्खी तुकडी एकदमच अडखळते. बहुतेक मुलं सहावीच्या मध्यापर्यंत सावरतात. ज्याला मुळात वाचनाचीच अडचण आहे तो याच घोळक्यात मिसळून जातो आणि बाकीचे सावरल्यावरच उघडा पडतो. तोवर दोन वर्षं गेलेली असतात. म्हणून पाचवीत मागे पडलेल्या मुलाबद्दल पहिला प्रश्न ‘इंग्रजी येतं का’ हा विचारूच नये. ‘मराठी वाचता येतं का’ हे आधी पाहावं.

ते पाहायला अर्धा तास पुरतो. दुसरीच्या पुस्तकातला, पण मुलाचा पाठ नसलेला साठेक शब्दांचा उतारा घ्यायचा आणि घड्याळ लावायचं. निपुण भारत अभियानाने (२०२१) तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य ठेवलं आहे. म्हणजे पाचवीतल्या मुलाला हा उतारा मिनिटाभरात जमायला हवा. साईशला चार मिनिटं लागली. पहिली ओळ भराभर, कारण ती अंदाजाने. पुढे प्रत्येक शब्दावर बोट. मग दहा शब्दांचं श्रुतलेखन. ‘पाऊस’चं ‘पउस’, ‘दुपार’चं ‘दूपर’, ‘प्रकाश’चं ‘परकश’, ‘शिक्षक’चं ‘शीशक’. काना गळतो, ऱ्हस्वदीर्घ उलटतं, जोडाक्षर फुटतं. आठ दिवसांनी तेच शब्द पुन्हा घातले, तर चुका त्याच जातीच्या. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची : तोच उतारा शिक्षिकेने मोठ्याने वाचून दाखवला आणि पाच प्रश्न विचारले. साईशने पाचही उत्तरं दिली, शिवाय उताऱ्यात नसलेली एक गोष्ट कोकणीतून जोडली.

कानाने सगळं समजतं आणि डोळ्याने काहीच हाती लागत नाही, ही तफावत म्हणजे या प्रकरणाचा कणा. इंग्रजीची निव्वळ सवय नसलेलं मूल मराठी उतारा सरळ वाचून टाकतं. सराव कमी पडलेलं मूल सहा-आठ आठवडे रोज वाचून घेतलं की वर येतं. एकूण आकलनच कमी असलेलं मूल वाचून दाखवलं तरी उत्तर देत नाही. साईश या तिन्हींत बसत नव्हता. फळ्यावरून उतरवलेली त्याची वही मात्र नीटनेटकी, आणि चौथीपर्यंत सगळे फसले ते त्या वहीला. फळ्यावरचं उतरवणं हे चित्र काढण्यासारखं आहे, त्यात लेखन येतंच असं नाही. म्हणून फाईलीत स्वच्छ वही लावू नये. श्रुतलेखनाची आणि स्वतःच्या मनाने लिहिलेल्या पाच ओळींची पानं लावावीत, तारखेसह.

फाईल कुठे सुटली

विशिष्ट अध्ययन अक्षमतेबद्दल (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण) केंद्राने ४ जानेवारी २०१८ ला काढलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत शाळेवरची जबाबदारी स्पष्ट आहे. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी चाळणी (स्क्रीनिंग, म्हणजे प्राथमिक तपासणी) करायची. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली चाळणी समिती हवी. शिक्षकांची प्रश्नावली, मग पालकांची मुलाखत, आणि शंका राहिली तर समितीच्या अध्यक्षांनी मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवायचं. खासगी असो वा सरकारी, शाळेला सूट नाही.

साईशच्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या नोंदीत ‘वाचनात मागे, तोंडी चांगला’ एवढं लिहिलेलं होतं. निरीक्षण अगदी अचूक होतं, पण ते शाळा सोडताना मुलाबरोबर गेलं नाही. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक येते. वाचनाची नोंद येत नाही. महाराष्ट्रात निदान सातवी-आठवीपर्यंत एकाच जिल्हा परिषद शाळेत राहण्याची शक्यता असते. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा सहसा चौथीलाच संपते, आणि ज्या वर्षी माध्यम बदलतं त्याच वर्षी शाळाही बदलते. मुलाला ओळखणारा माणूस आणि मुलाला समजणारी भाषा दोन्ही एकाच जूनमध्ये सुटतात.

उपाय सोपा आहे आणि त्याला कुठल्याच परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. चौथीच्या निकालाच्या दिवशी पालकांनी चार वर्षांची प्रगतिपुस्तकं, हजेरीचा गोषवारा आणि वर्गशिक्षकांच्या सहीची अर्ध्या पानाची टीप मागून घ्यावी. हजेरी यासाठी, की पुढे कुणी ‘मूल शाळेतच येत नव्हतं’ असं म्हटलं तर उत्तर कागदावर असावं. नव्या शाळेने मागितलं, तर आणखी बरं. दोन्ही शाळा तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या नजरेखाली येतात, म्हणून चौथी ते पाचवी हा दुवा जोडण्याची खरी जागा तेच कार्यालय. गोव्यात शाळा जिल्हा पंचायत चालवत नाही, शिक्षण खातं चालवतं. पंच किंवा जिल्हा पंचायत सदस्याला भेटून दबाव येऊ शकेल, निर्णय मात्र तिथे होत नाही. पालकांच्या कितीतरी फेऱ्या चुकीच्या दारात जातात, म्हणून हे सांगावं लागतं.

‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’

पाचवीच्या दुसऱ्या सत्रात आई शाळेत गेली तेव्हा तिला मिळालेलं उत्तर हे. ते कठोरपणे दिलेलं नव्हतं. शाळेला खरंच वाटत होतं की कागदाशिवाय हात बांधलेले आहेत. तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार मुलाची अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि तिच्यावर मात करायला योग्य ते अध्यापनाचे उपाय करणं हे शाळेचंच काम आहे. घटक चाचणीचा पेपर वाचून दाखवायला, उत्तर तोंडी घ्यायला, फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी छापील टिपण द्यायला कुणाच्याही प्रमाणपत्राची गरज नाही. प्रमाणपत्र लागतं ते बोर्डाच्या परीक्षेला आणि सरकारी योजनांना. दहावीच्या सवलतीसाठी लागणारा कागद पाचवीच्या मदतीची अट होऊन बसतो आणि मुलाचं वर्ष त्यात जातं.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे, आणि तो मोडला तर परत पाठवतात. आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा हे होऊ शकतं, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवतात. श्रवणाची मोजणी झाली नसेल, तर मानसशास्त्रज्ञ पुढचं काम थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. मग बालरोगतज्ज्ञ. मग बुद्ध्यंक चाचणी. २०१८ च्या सूचनांत बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या अध्ययन अक्षमतेच्या चाचणीसंचाकडे जाता येतं. त्यात वाचन, शुद्धलेखन, आकलन, गणित, आकृती उतरवणं, स्मरण अशा उपचाचण्या असतात.

इथे एक फट आहे. बौद्धिक अक्षमतेची रेषा साधारण ७० च्या खाली आणि अध्ययन अक्षमतेची पायरी ८५ च्या वर. मधलं मूल दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततं. त्याची अडचण खरी, पण त्याला नाव देणारा कागद नाही. अशा मुलासाठी कलम १६ वरच बोट ठेवून शाळेतली मदत मागावी. निकाल ८४-८५ च्या आसपास आला, तर चाचणी कोणत्या भाषेत आणि कोणत्या अवस्थेत झाली हे जरूर विचारावं. सत्तरीतलं मूल पहाटे उठून, बस बदलून, उपाशी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पोचतं आणि अकराच्या उन्हात चाचणीला बसतं. प्रश्न इंग्रजी-हिंदीत आले की ते गप्प होतं. साईशच्या आईने नाव पुकारल्यावर सरळ सांगितलं, “डॉक्टर, त्याला मराठीतून विचारा, कोकणीतून सांगितलेलं कळतं.” हे एक वाक्य फार मोलाचं ठरलं. मराठी वाचनाची अडचण तपासायला ‘डाली’ हा चाचणीसंच उपलब्ध आहे (हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत). निदान चौथीपर्यंतची मराठी फाईल सोबत असेल, तर ‘हे फक्त इंग्रजीचं आहे’ हा निष्कर्ष निघत नाही. तापातून उठलेल्या मुलाला नेऊ नये, तारीख बदलून घ्यावी. दोन-तीन बैठका लागतात हे रोजावर जाणाऱ्या माणसाला आधीच सांगावं. पहिल्याच खेपेला कागद मिळेल असं समजून आलेले वडील दुसऱ्या खेपेला येत नाहीत.

घरच्यांचा आणखी एक अडथळा असतो. मानसोपचार संस्थेचं नाव ऐकताच आजी म्हणते, पोराला काय झालंय? तिला रागावण्यात अर्थ नाही. वाचनाची तपासणी आहे, औषध नाही, सुई नाही, हे शाळेतल्या बाईंनी घरी जाऊन सांगितलं तर चिठ्ठीपेक्षा जास्त पटतं.

प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवरून करावा लागतो. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं ऑनलाइनच द्यायची, असा नियम आहे. अर्ज अडतो तो बहुधा इंग्रजी स्पेलिंगवर. जन्मदाखल्यावर गावस एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, शाळेच्या रजिस्टरात तिसऱ्या, गावकरचंही तेच. वडिलांचं नाव कुठे मधे, कुठे नाहीच. बोर्डात मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टराप्रमाणे जातं. तेव्हा आधी रजिस्टर आणि जन्मदाखला जुळवावेत, मग त्याप्रमाणे आधार दुरुस्त करावं आणि त्यानंतरच पोर्टलवर अर्ज भरावा. उलट्या क्रमाने गेलं, तर सगळं दोनदा करावं लागतं.

शाळेत काय केलं

साईशचा आराखडा एका पानाचा होता आणि त्यात एका सत्रासाठी तीनच उद्दिष्टं : काना-मात्रा-वेलांटीसह मराठी दोनअक्षरी-तीनअक्षरी शब्द न अडखळता वाचणं, इंग्रजीची अक्षरं नावाने नव्हे, आवाजाने ओळखणं, विज्ञानाचं उत्तर चार वाक्यांत तोंडी सांगणं. दहा-बारा उद्दिष्टांचे आराखडे फाईलीत शोभतात, पण वर्गात कुणी उघडत नाही.

आधी मराठी की आधी इंग्रजी, यावर शाळेत वाद झाला. माध्यम इंग्रजी, मग वेळ मराठीवर का घालवायचा? आमचं मत ठाम आहे : पहिले दहा-बारा आठवडे जोर मराठीवर. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंचसं स्थिर असतं, शब्द मुलाच्या तोंडातले असतात, आणि अक्षरातून आवाज काढता येतो हा विश्वास तिथे लवकर बसतो. इंग्रजी तोवर कानाने चालू ठेवावं.

विशेष शिक्षिका आठवड्याला दोनदा यायच्या. चाळीस मिनिटांची तासिका अशी : पाच मिनिटं मागची उजळणी, दहा मिनिटं शब्दाचे आवाज तोडणं-जोडणं, दहा मिनिटं शिकवलेल्याच अक्षरांचा उतारा, दहा मिनिटं सहा शब्दांचं श्रुतलेखन, शेवटची पाच मिनिटं बाईंनी त्याला वाचून दाखवायचं. शेवटची पाच गाळली जातात, ती गाळू नयेत. पुस्तकाची गोडी तिथेच टिकते. मुलाला वर्गातून कोणत्या तासाला काढायचं, हेही महत्त्वाचं. शारीरिक शिक्षण आणि चित्रकला हे तास सोयीचे म्हणून ठरवले, तर जिथे तो इतरांच्या बरोबरीचा आहे तेवढंच काढून घेतल्यासारखं होतं.

एकच विशेष शिक्षिका अनेक शाळा सांभाळते, ही खरी कमतरता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिकसाठी दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांसाठी पंधरामागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिलं. ते प्रत्यक्षात येईपर्यंत चुकलेली प्रत्येक तासिका तारखेसह लिहून ठेवावी. शिक्षिकेला दोष द्यायला नव्हे, पद मागायला. ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या शालेय योजनेत विशेष गरजा असलेल्या दर मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद आहे. आपल्या मुलासाठी त्यातून काय आलं, हे विचारायला संकोच नको.

लेखनिक आणि भाषेची सूट

केंद्राच्या २०१८ च्या लेखनिकाबाबतच्या मार्गदर्शक सूचनांत तासामागे किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास. कागदावर हे भरघोस दिसतं. प्रत्यक्षात दहावीत पहिल्यांदाच लेखनिक मिळालेलं मूल गोंधळून जातं. सांगून लिहवणं ही वेगळी विद्या आहे. पूर्ण वाक्य मनात जुळवायचं, लेखनिकाच्या हाताच्या वेगाने बोलायचं, पूर्णविराम सांगायचा, गणिताची पायरीन् पायरी उच्चारायची. साईश सुरुवातीला ‘वरची संख्या खालच्याने भाग’ असं म्हणायचा. कोणती वरची, ते लेखनिकाला कसं कळावं? म्हणून सातवीपासून प्रत्येक सत्रात निदान एक पेपर लेखनिकासह घ्यावा, खालच्या इयत्तेतला विद्यार्थी बसवून. वेगळी खोली हवी, नाहीतर एकाचं उत्तर सगळा वर्ग ऐकतो आणि मग ‘कॉपी’ची कुजबूज सुरू होते. आणि एक साधी गोष्ट, जी दर परीक्षेला विसरली जाते : जादा वेळ घेतलेलं मूल बाहेर येईपर्यंत बालरथ (शाळेची बस) निघून गेलेला असतो. पुढची कदंब (सरकारी बस) तासाभराने. दोनदा असं झालं की मूल वेळ घेणंच सोडतं, अर्धा पेपर टाकून बसकडे धावतं. परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबर चालकालाही यादी द्यावी.

भाषेच्या सवलतीत घाई नको. कलम १७ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. बहुतेक हायस्कुलांत इंग्रजी पहिली, हिंदी दुसरी आणि मराठी किंवा कोकणी तिसरी. सूट म्हटलं की तिसरी भाषा डोळे मिटून खोडली जाते. साईशच्या बाबतीत याचा अर्थ असा, की जी एकच लिपी त्याच्या हाताला थोडी वळली होती तिलाच रजा. दोन वर्षांच्या कष्टाने तो मराठी वाचायला लागला होता, आणि वर्तमानपत्र, दुकानाची पाटी, पंचायतीची नोटीस तो त्याच अक्षरांत वाचणार होता. कोणती भाषा सोडायची, हे क्रमांकावरून न ठरवता मुलाच्या वाचनावरून ठरवावं, आणि मुख्याध्यापकांकडून आठवीतच लेखी विचारून घ्यावं, कारण विषय बदलायची मुदत गेली की कुणाच्याच हातात काही राहत नाही.

मुदतीवरूनच पुढची अडचण. अध्ययन अक्षमतेचं पहिलं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं आणि तपासणी चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा करावी लागते. चौदावं वर्ष साधारण आठवी-नववीत येतं, म्हणजे बोर्डाच्या सवलतीचे अर्ज भरायच्या ऐन तोंडावर. जुनं प्रमाणपत्र दाखवून काम भागेल असं समजून थांबलेल्या मुलाचा अर्ज परत येतो. म्हणून वाढदिवसाच्या सहा महिने आधी तारीख मागावी, आणि ती शक्यतो चतुर्थीच्या सुट्टीच्या आधीची, कारण सुट्टीनंतर गर्दी उसळते.

शाळा उत्तर देत नसेल, तर तोंडी बोलणं थांबवून अर्ज द्यावा. मजकूर लांब नको : ‘माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत आहे. त्याला वाचन-लेखनात सातत्याने अडचण आहे. श्रुतलेखनाची पानं जोडली आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम १६ व १७ नुसार चाळणी समितीसमोर त्याचं प्रकरण ठेवावं आणि तोवर घटक चाचण्यांत पेपर वाचून दाखवावा ही विनंती. निर्णय लेखी कळवावा.’ दोन प्रती, एकीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर. महिन्याभरात उत्तर नाही आलं, तर तीच प्रत जोडून भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग पर्वरीला शिक्षण संचालनालयात, त्यानंतर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे. पायरी गाळली, तर अर्ज फिरून खालीच येतो.

दहावीनंतर उच्च माध्यमिक असो वा आयटीआय, फाईल मुलाबरोबर हलवायची आहे, आणि या वेळी ती नेणारा तो स्वतः असावा. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा अधिक, असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागा राखीव असतात आणि वयात पाच वर्षांची सवलत मिळते. अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं. ते हाती पडेपर्यंत कुठल्याही खिडकीवर मूळ प्रत सोडून येऊ नये. द्यायची ती साक्षांकित झेरॉक्स.